माहितीचा शोध आणि पदसंबंधकोश : खानदेशातील काही शब्दांच्या आधारे

२०१७ च्या खरीप हंगामात महाराष्ट्रातील कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. जळगाव आणि धुळे हे जिल्हे तर कापसाचेच. तेही त्यातून सुटले नाहीत. ही कीड राज्याला नवी होती असे मात्र नाही. बीटी कपाशीच्या लागवडीला २००२ साली परवानगी मिळाली. त्यापूर्वीच्या मराठी कृषिवाङ्मयात या किडीचा जीवनक्रम, तिची सुप्तावस्था, फरदड न ठेवण्याचा सल्ला, पऱ्हाट्यांची विल्हेवाट हे सर्व विषय आलेले आहेत. फक्त तेथे तिला शेंदरी बोंडअळी म्हटलेले आढळते. जुन्या पुस्तिका संगणकावर चढविलेल्या असल्या आणि शोधणाऱ्याने 'गुलाबी बोंडअळी' हे शब्द टंकलिखित केले, तर संगणक त्या पुस्तिका पुढे आणून ठेवणार नाही. माहिती कपाटात आहे, कपाट उघडे आहे, पण किल्लीचे नाव बदलले आहे, अशी ही स्थिती होय.

माहिती साठविणे आणि माहिती सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी यंत्र पुरते. दुसरीसाठी शब्दांची व्यवस्था लागते. शब्दांच्या या व्यवस्थेला इंग्रजीत थिसॉरस असे नाव असून प्रस्तुत लेखात त्यासाठी 'पदसंबंधकोश' हा शब्द योजिला आहे. सामान्य शब्दकोश शब्दाचा अर्थ सांगतो. पदसंबंधकोश शब्दाचे नाते सांगतो. कोणता शब्द कोणाऐवजी वापरला जातो, कोणता कोणाच्या पोटात मोडतो आणि कोणता कोणाच्या शेजारी बसतो, एवढेच तो नोंदवितो.

एक अळी, चार नावे

गुलाबी आणि शेंदरी यांची जोडी त्या मानाने सोपी आहे. हिरव्या बोंडअळीचे उदाहरण अधिक बोधप्रद ठरेल. शास्त्रज्ञ जिला हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा म्हणतात ती अळी कपाशीवर आली की हिरवी बोंडअळी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणून ओळखली जाते. तीच हरभऱ्यावर आली की घाटेअळी होते, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि टोमॅटोवर फळे पोखरणारी अळी. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही नावे अगदी रास्त आहेत, कारण त्याला नुकसान कोठे होते हे पाहावयाचे असते. पण चाळीसगावच्या एखाद्या कृषी सहायकाने रब्बीत घाटेअळीविषयी माहिती मागितली, तर खरिपात कपाशीच्या प्रकरणात लिहून ठेवलेला त्याच किडीचा सारा अनुभव त्याच्यापासून दूर राहतो.

येथे घाईने एक चूक होण्याचा संभव असतो. सर्व बोंडअळ्या एकाच मथळ्याखाली आणाव्यात, म्हणजे काहीच सुटणार नाही, असे वाटू लागते. तसे केल्यास कोश उपयोगाऐवजी अपाय करील. कामगंध सापळ्यात गुलाबी बोंडअळीसाठी जे आमिष बसवावे लागते ते हिरव्या बोंडअळीसाठी चालत नाही. प्रत्येक जातीच्या पतंगाचा गंध वेगळा. 'बोंडअळी' या एकाच शब्दावर दोन्ही सल्ले मिसळून बाहेर पडले, तर चुकीचे आमिष लावलेले सापळे शेतात उभे राहतात आणि ते रिकामे दिसले की कीड नाही असा समज होतो. म्हणून कोशात समानार्थी नाते आणि पोटप्रकाराचे नाते यांत काटेकोर भेद करावा लागतो. शेंदरी आणि गुलाबी ही एकाच संकल्पनेची दोन नावे. गुलाबी, हिरवी आणि ठिपक्यांची हे मात्र बोंडअळी या व्यापक पदाचे तीन पोटप्रकार.

छापील कोशात अशी नोंद पुढीलप्रमाणे दिसेल :

शेंदरी बोंडअळी — पहा : गुलाबी बोंडअळी
गुलाबी बोंडअळी
 ऐवजी वापरलेले पद : शेंदरी बोंडअळी
 व्यापक पद : बोंडअळी
 संबंधित पदे : कपाशी, फरदड, कामगंध सापळा

'पहा' या सूचनेपुढचे पद ते मान्य पद. मान्य म्हणजे अधिक शुद्ध किंवा अधिक प्रतिष्ठित नव्हे. नोंदी कोठे गोळा करावयाच्या याचा तो केवळ ठराव असतो.

ही कल्पना आपल्याकडे परकी नाही

थिसॉरसचे नाव निघाले की पीटर रॉजेट यांच्या १८५२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा उल्लेख होतो, आणि तो योग्यही आहे. परंतु शब्द अकारविल्हे न लावता विषयवार लावावेत ही दृष्टी भारतात फार जुनी आहे. अमरकोशात पाण्याशी निगडित शब्द वारिवर्गात, तर वृक्षवेलींचे वनौषधिवर्गात आढळतात. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राजव्यवहारकोशात कारभारातील सुमारे चौदाशे शब्द दहा वर्गांत मांडलेले आहेत. दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग ही त्यांतील काही नावे. फार्सी शब्दाला संस्कृत पर्याय देणे हा त्याचा उद्देश. म्हणजेच एका संकल्पनेसाठी कोणते पद मान्य धरावे याचा तो शासकीय निर्णयच होता.

१९६० साली स्थापन झालेल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने पदनाम कोश, शासन व्यवहार कोश आणि विविध शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध करून हेच कार्य पुढे नेले. धुळ्याचा तर कोशकार्याशी जवळचा संबंध आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे डिसेंबर १९२६ मध्ये धुळ्यातच निधन झाले. त्यांच्या नावाने तेथे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांनी जमविलेला मराठी धातुकोश प्रकाशित केला. परिभाषा कोश मान्य पद देतात, धातुकोश मूळ देतो. पदांमधील व्यापक-संकुचित नाते मात्र या कोशांचा विषय नव्हता.

ग्रंथालयशास्त्रात तो विषय डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी हाताळला. १९३३ च्या त्यांच्या द्विबिंदु वर्गीकरणात विषयाचे पैलू पाडून मग ते जोडण्याची रीत आहे. पुढे बंगळूरच्या प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्रात गणेश भट्टाचार्य यांनी वर्गीकरण आणि थिसॉरस यांचा मिलाफ करणारी रचना मांडली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८० नंतरच्या दशकात सुरू केलेला ॲग्रोव्होक हा कोश आज चाळीस हजारांहून अधिक संकल्पनांचा झाला असून त्यात हिंदी व तेलुगू पदेही आहेत. मराठीपुरते बोलावयाचे, तर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेला 'शब्दबंध' समानार्थी शब्दांचे गट करून हिंदीशी जोडतो. तो भाषेचा सर्वसाधारण कोश आहे, एखाद्या खात्याच्या अभिलेखांसाठी केलेला नव्हे.

सातबारा, आठ-अ आणि संगणकातील कोष्टके

छापील कोश संगणकात जसाच्या तसा उतरविला तर काय होते? प्रत्येक मथळ्याखाली त्याचे सर्व नातेवाईक लिहिलेले असतात. 'गुलाबी बोंडअळी'खाली 'व्यापक पद : बोंडअळी' आणि 'बोंडअळी'खाली 'संकुचित पद : गुलाबी बोंडअळी' अशी एकच गोष्ट दोनदा येते. उद्या एका ठिकाणी दुरुस्ती झाली आणि दुसऱ्या ठिकाणी राहिली, की कोश स्वतःशीच विसंगत बोलू लागतो. मोठ्या छापील कोशांत हा दोष हटकून आढळतो.

यावरील उपाय म्हणजे ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडलेली संबंधाधिष्ठित आधारसामग्रीची पद्धत. नाव अवघड असले तरी तत्त्व तलाठी दप्तराशी परिचित असलेल्यांना नवे वाटू नये. गाव नमुना सात-बारा जमिनीच्या गटानुसार असतो, आठ-अ खातेदारानुसार. दोन्ही एकमेकांत कोंबलेले नाहीत. खाते क्रमांक हा त्यांना जोडणारा दुवा आहे. खातेदाराचे नाव बदलले तरी खाते आणि गट यांचा सांधा तुटत नाही.

पदसंबंधकोशही असाच तीन कोष्टकांत मांडता येतो. पहिले कोष्टक संकल्पनांचे. येथे शब्द नाहीत, केवळ अनुक्रमांक आणि त्या संकल्पनेची व्याप्ती सांगणारी छोटी टीप. समजा क्रमांक १०४ म्हणजे पेक्टिनोफोरा गॉसिपिएला ही कीड. दुसरे कोष्टक पदांचे : 'गुलाबी बोंडअळी – १०४ – मान्य', 'शेंदरी बोंडअळी – १०४ – पर्यायी', अशा ओळी. पद कोणत्या भाषेतील वा बोलीतील, कोणत्या काळातील, याचे रकाने येथेच. तिसरे कोष्टक नात्यांचे : '१०४ – व्यापक – १००', म्हणजे १०४ ही संकल्पना १०० च्या, अर्थात बोंडअळीच्या, पोटात येते. उलट नाते वेगळे लिहावयाचे नाही. १०० च्या पोटात काय काय येते हे विचारल्यावर संगणकाने तेच कोष्टक उलट बाजूने वाचावयाचे. नोंद एकदाच, म्हणून विसंगतीला जागा उरत नाही.

शोध कसा होतो ते आता पाहू. 'घाटेअळी' हा शब्द आला की पदांच्या कोष्टकातून संकल्पनेचा क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाची सर्व पदे गोळा होतात आणि अभिलेखांत प्रत्येकाचा शोध घेतला जातो. 'कडधान्य' असा व्यापक शब्द आला तर नात्यांच्या कोष्टकातून तूर, हरभरा, मूग, उडीद अशी उतरंड खाली उतरावी लागते आणि प्रत्येक पायरीवर पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागतो. पायऱ्या किती हे आधी ठाऊक नसते. जुन्या आधारसामग्री-भाषांत हे काम एका प्रश्नात होत नसे. १९९९ च्या प्रमाणकापासून त्याची सोय झाली. शोध खाली उतरवावा, वर चढवू नये, हाही नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हरभऱ्याची माहिती मागणाऱ्याला सगळ्या कडधान्यांचा ढीग नको असतो.

उतरंडीत वर्तुळ होऊ देता कामा नये. 'सिंचन'च्या पोटात 'जलव्यवस्थापन' आणि 'जलव्यवस्थापना'च्या पोटात 'सिंचन' असे दोन कार्यालयांनी दोन वेळा लिहून ठेवले, तर यंत्र फिरतच राहील. नवी ओळ स्वीकारण्यापूर्वी ती स्वतःच्याच पूर्वजाकडे परत जात नाही ना, हे तपासणारी अट कोष्टकावरच घालावी. एका संकल्पनेला दोन पालक असणे मात्र वावगे नव्हे. कपाशी ही तंतुपीकही आहे आणि नगदी पीकही.

फड, दादर आणि गट

अनेक शब्द आणि एक अर्थ ही अडचण झाली. एक शब्द आणि अनेक अर्थ ही तिची उलट बाजू, आणि खानदेशात तिची उदाहरणे पावलोपावली भेटतात.

पांझरा नदीच्या काठावरील फड पद्धत जलव्यवस्थापनाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि भिजणाऱ्या क्षेत्राचे मोठे भाग म्हणजे फड. एका फडात एका हंगामात एकच पीक, आणि पाणीवाटप गावाने नेमलेल्या पाटकऱ्यांकडे. या पद्धतीची माहिती हवी म्हणून 'फड' हा शब्द दिला तर कुस्तीचा फड, तमाशाचा फड आणि ऊसतोडणीचा फडही हजर होतो. 'पाट' शब्दाची गत तीच : वाहत्या पाण्याचा पाट, बसावयाचा पाट आणि पुनर्विवाहाचा पाट. रब्बी ज्वारीला खानदेशात दादर म्हणतात. संगणकाला मात्र मुंबईचे उपनगर आधी आठवते. ग्रामपंचायत सदस्याच्या रोजच्या कामातील 'गट' घेतला, तर जमिनीचा गट क्रमांक, महिला बचत गट आणि जिल्हा परिषदेचा निवडणूक गट असे तीन अर्थ एकाच इतिवृत्तात येऊ शकतात.

यासाठी पदाला कंसातील विशेषक जोडण्याची प्रथा आहे : फड (सिंचन), फड (लोकनाट्य), गट (जमीन), गट (निवडणूक). कोष्टकात ती चार वेगळ्या क्रमांकांची चार पदे होतात आणि शोध घेणाऱ्याला 'यांपैकी कोणते?' असे विचारता येते. केळीवरील करप्याबाबतही हेच करावे लागेल. जळगाव जिल्ह्यात, विशेषतः रावेर-यावल भागात, करपा म्हटले की केळीवरील सिगाटोका समजला जातो. पण भातावरचा करपा आणि बटाट्यावरचा करपा हे निराळ्या बुरशींचे निराळे रोग आहेत आणि त्यांचे उपायही एकच नाहीत.

जलसंधारणाच्या कामांत नावांची गुंतागुंत आणखी आहे. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा', 'को. प. बंधारा' आणि 'के. टी. वेअर' ही एकाच बांधकामाची तीन नावे एकाच तालुक्याच्या तीन फायलींत असू शकतात. शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाल्यांचे खोलीकरण व रुंदीकरण करून सिमेंट बंधारे बांधण्याची जी कामे झाली, ती 'शिरपूर पॅटर्न' या नावाने राज्यभर ओळखली जातात; अंदाजपत्रकात मात्र 'नाला खोलीकरण' एवढेच लिहिलेले असते. गावाच्या शिवारात आतापर्यंत कोणकोणती कामे झाली, हा ग्रामसभेतील साधा प्रश्न. त्याचे उत्तर अपुरे मिळाले, तर एकाच नाल्यावर पुन्हा खर्च मंजूर होतो किंवा झालेले काम दुरुस्तीच्या यादीतून सुटते.

लेखन, प्रत्यय आणि बोली

मराठीत याहून प्राथमिक अडथळाही आहे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी व्युत्पत्तीने सिद्ध न होणारे अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या कागदांत 'गांव' आणि 'नांव', त्यानंतरच्या कागदांत 'गाव' आणि 'नाव'. प्रदेशाचे नावच खानदेश, खान्देश, खांदेश असे तीन प्रकारे लिहिले जाते. शिवाय मराठी शब्द विभक्ती लागताच रूप पालटतो : विहीर, विहिरीत, विहिरींना, यांत मूळचा दीर्घ ईकार आखूड होतो. पदांच्या कोष्टकात मूळ रूप ठेवून सामान्यरूपे ओळखण्याचे काम वेगळ्या प्रक्रियेवर सोपविणे श्रेयस्कर. प्रत्येक रूप पद म्हणून घातल्यास कोश फुगेल आणि दुरुस्ती अशक्य होईल.

बोलींचा प्रश्न नाजूक आहे. धुळ्याकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्यात भिली आणि पावरी. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी १९०७ साली भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशी भिल्ल भाषांबरोबर मांडली. जनगणनेतही खानदेशी मराठीहून स्वतंत्र मोजली जाते; २०११ मध्ये तिचे भाषक १८ लाखांहून अधिक होते. त्याच जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची नावे १९,५६९ भरली, ती पडताळून १,३६९ मातृभाषांपर्यंत आणली गेली आणि शेवटी १२१ भाषांत गटवारी झाली. पदसंबंधकोशाचे हे प्रचंड उदाहरणच म्हणावे लागेल. त्यातील 'खानदेशी' या मथळ्याखाली अहिराणीही येते. म्हणून केवळ अंतिम तक्ता पाहणाऱ्याला अहिराणी दिसत नाही, मातृभाषांचा तपशील उघडणाऱ्याला दिसते. गटवारी करताना खालची पायरी पुसून टाकू नये, ती का, हे यावरून स्पष्ट व्हावे. अहिराणी वा लेवा शब्द पदांच्या कोष्टकात पूर्ण हक्काने असावेत. ते गोळा करण्यास त्या त्या गावचा शिक्षक जितका योग्य, तितका दूरच्या कार्यालयातील तज्ज्ञ असणार नाही.

नात्यांना तारीख हवी

स्थलनामांच्या बाबतीत नाते स्वतःच काळानुसार बदलते. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९६० पासून ते जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जातात. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे १९८५ च्या अहवालातील 'धुळे जिल्हा' म्हणजे अक्कलकुवा, अक्राणी, तळोदे, शहादे, नंदुरबार आणि नवापूर यांच्यासह दहा तालुके. आजचा धुळे जिल्हा म्हणजे धुळे, साक्री, शिंदखेडा आणि शिरपूर हे चारच. दोन काळांची आकडेवारी शेजारी ठेवून धुळ्याचे वनक्षेत्र एकाएकी घटले असा निष्कर्ष काढला, तर दोष आकड्यांचा नाही.

तिसऱ्या कोष्टकात 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने वाढविले की हा प्रश्न सुटतो. 'तळोदे – भाग – धुळे जिल्हा – ३० जून १९९८ पर्यंत', 'तळोदे – भाग – नंदुरबार जिल्हा – १ जुलै १९९८ पासून'. जुनी ओळ खोडावयाची नाही. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस होतो आणि फेरफार क्रमांक लिहिला जातो, तशीच ही रीत. कोणत्या पदात कोणी, केव्हा, कशाच्या आधारे बदल केला याची फेरफार नोंदवही कोशालाही लागते.

मर्यादा आणि व्यवहार

इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० नंतरच्या दशकात विमानविद्येच्या लेखांवर जे प्रयोग केले, त्यांत लेखांतील साधे सुटे शब्द नियंत्रित पदावलीच्या तोडीस तोड, किंबहुना सरस ठरले. कोशनिर्मितीवर मोठा खर्च करण्यापूर्वी ही गोष्ट नजरेआड करू नये. तथापि ते लेख एका भाषेतील, एका शास्त्रातील आणि एका पिढीचे होते. १९५० चा गॅझेटियर, १९८० ची पुस्तिका आणि परवाचा शासन निर्णय यांत एकाच वेळी शोध घ्यावयाचा, तर परिस्थिती निराळी असते. पर्यायी पदे वाढवीत गेल्यास हाती येणारे कागद वाढतात आणि नेमकेपणा घटतो. कोठे थांबावे हे विषय जाणणाराच ठरवू शकतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध करून त्यांची निर्देशसूची ठेवावी, असे बंधन आहे. निर्देशसूचीत कोणते शब्द मथळा म्हणून घ्यावयाचे, हे प्रत्येक लिपिकाच्या मर्जीवर सोडल्यास ती सूची त्याच्या बदलीबरोबर निरुपयोगी होते. सुरुवात संपूर्ण भाषेपासून करण्याची गरज नाही. एका तालुक्यातील जलसंधारणाची कामे, एका पिकाच्या किडी व रोग, एका पंचायत समितीची इतिवृत्ते, एवढा विषय घेतला तरी काही शेकडा संकल्पना पुरतात, आणि तीन कोष्टके ठेवण्यास कार्यालयातील साधा संगणक पुष्कळ झाला. महत्त्वाची गोष्ट एकच पाळावी : जे शोध रिकामे परत आले ते शब्द टिपून ठेवावेत. ग्रामस्थाने 'दादर' विचारले आणि काहीच मिळाले नाही, तर महिन्याअखेरीस तो शब्द 'ज्वारी (रब्बी)'च्या क्रमांकाखाली पर्यायी पद म्हणून लावावा. मान्य पदे आणि रचना आंतरराष्ट्रीय प्रमाणकाशी, म्हणजे आयएसओ २५९६४ शी, जुळती ठेवल्यास एका कार्यालयाचा कोश पुढे दुसऱ्याशी जोडता येतो, आणि क्रमांकांच्या द्वारे जळगावच्या केळी संशोधन केंद्रातील 'सिगाटोका' आणि रावेरच्या बांधावरील 'करपा' एकाच ओळीत येऊन बसतात.